सेकंडहँड बोट घेतलीत? इंजिनाआधी डिझेलची टाकी उघडा

जुनी बोट पाहायला गेलं की मालक आधी इंजिन सुरू करून दाखवतो. सेल्फ मारला, इंजिन धडधडलं, थोडा धूर निघाला की घेणारा खूश. पण बंदरात बांधलेल्या बोटीचं इंजिन सुरू झालं, यावरून फारसं काही कळत नाही. डिझेल इंजिन मुळात दणकट असतं. स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि गार ठेवणारं पाणी मिळत राहिलं तर ते वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. समुद्रात बोट बंद पडते ती बहुतेक वेळा डिझेलमधल्या पाण्या-कचऱ्याने, तुंबलेल्या पाण्याच्या वाटेने नाहीतर बॅटरीच्या सैल वायरीने. तरीही नवा मालक पहिले पैसे रंगावर घालतो, मग जीपीएसवर, आणि टाकीत डोकावतो ती पहिल्यांदा बंद पडल्यावर.

माझा क्रम उलटा आहे: आधी टाकी, मग पाण्याची वाट, मग बॅटरी आणि वायरिंग. इंजिन उघडायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही गरज पडली तरच.

इथे डोळ्यासमोर आहे ती हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणला दिसणारी ३० ते ४० फुटी बोट. आत बसवलेलं डिझेल इंजिन, बहुधा लेलँड नाहीतर किर्लोस्करचं, आणि १२ किंवा २४ व्होल्टची बॅटरी. मागे लावायच्या आउटबोर्ड मशीनचं शास्त्र वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

सौदा करण्याआधी

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत इंजिन लावू नका. पोचल्यावर पहिला हात इंजिनच्या ब्लॉकवर ठेवा. कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी या. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबायची ताकद) गेलेलं इंजिन गरम असताना मुकाट सुरू होतं. त्याचं खरं रूप थंड असतानाच दिसतं.

सुरू करण्याआधी ऑईलची कांडी काढा. डिझेल इंजिनचं ऑईल काळं असणारच, त्याला घाबरू नका. दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी उतरलंय. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑईलला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेलच्या पंपातून किंवा नोझलमधून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो भाग) डिझेल खाली गळतंय. आणि ऑईल अगदी नवंकोरं, मधासारखं दिसलं तर खूश होण्याऐवजी ते कालच का बदललं, हे विचारा. रेडिएटरचं किंवा हीट एक्स्चेंजरचं (समुद्राच्या खाऱ्या पाण्याने इंजिनचं गोडं पाणी गार करतो तो भाग) झाकण थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

आता सेल्फ. पहिला एक भपका कुठल्याही जुन्या इंजिनला येतो. त्यानंतरचा धूर बघायचा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा सिलिंडरमध्ये पाणी जातंय. काळा धूर म्हणजे इंजिनावर ताण जास्त किंवा हवा कमी. पण काळा धूर दिसला म्हणून लगेच नोझल काढायला बसू नका. तळाला शिंपले चिकटले असले किंवा आधीच्या मालकाने प्रमाणाबाहेर मोठा पंखा (बोट ढकलणारा, पाण्यातला) बसवला असला तरी हाच धूर निघतो. इंजिन चालू असताना ऑईल भरायचं झाकण हळूच सैल करा. तिथून जोराने वाफ-धूर येऊन झाकण उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. त्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

शेवटची परीक्षा बंदराबाहेर. अर्धा तास पूर्ण वेगाने बोट चालवून घ्या. इंजिनचे मिनिटाचे फेरे कंपनीने दिलेल्या आकड्याच्या जवळपास पोचायला हवेत आणि तापमानाचा काटा एका जागी स्थिर राहायला हवा. मालक "आज भरती नाही", "आज डिझेल कमी आहे" करत टाळत असेल तर तुमचा निर्णय सोपा झाला.

कागदांचं एक वाक्यात सांगतो: मासेमारीची बोट असेल तर नोंदणी, परवाना आणि इंजिनवर कोरलेला नंबर एकमेकांशी जुळतात का, हे मत्स्यव्यवसाय खात्यात पैसे देण्याआधी बघा, नंतर नाही.

टाकी

बोट महिनोनमहिने अर्ध्या टाकीवर उभी असते. टाकीच्या हवेच्या नळीतून दमट हवा आत जाते, रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरतं. त्यात डेकवरच्या झाकणाचं रबर फाटलेलं असलं तर पावसाचं आणि लाटांचं पाणी थेट आत. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाशी बसतं. जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना भिडतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि तिचा काळा बुळबुळीत थर तयार होतो.

बंदरात हा थर तळाशी शांत पडून असतो. डिझेल ओढणाऱ्या नळीचं तोंड तळापासून थोडं वर असतं, म्हणून इंजिन छान चालतं. बोट बाहेर काढून खाडीच्या मुखाशी लाटांवर आपटायला लागली की टाकी घुसळली जाते, सगळा गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन गप्प. इंजिन नेमकं वाईट जागीच बंद पडतं, असं खलाशी वैतागून म्हणतात, त्यामागचं कारण हे.

म्हणून बोट ताब्यात आली की पहिलं काम टाकीचं:

१. टाकीच्या तळाच्या कॉकमधून लिटरभर डिझेल पारदर्शक बाटलीत काढा आणि अर्धा तास ठेवून द्या. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. कॉक नसेल तर वरून नळी तळापर्यंत सोडून हातपंपाने ओढा.

२. पाणी किंवा काळा गाळ दिसला तर सगळी टाकी रिकामी करा. वरचं थोडं काढायचं, बाकी राहू द्यायचं, असं अर्धवट काम करू नका.

३. टाकीला हात जाईल एवढं झाकण असेल तर उघडून तळ पुसून काढा. धागे न सुटणारं कापड घ्या, कॉटन वेस्ट नको, कारण त्याचेच धागे पुढे फिल्टरमध्ये सापडतात. झाकण नसेल तर बसवून घ्या, पण जाणत्या माणसाकडून. डिझेल असलेल्या किंवा नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीवर वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. टाकी पूर्ण धुऊन, वाफ काढून, सुकवल्याशिवाय ठिणगी जवळ आणायची नाही.

४. ओढणीच्या नळीच्या टोकाला जाळी असेल तर तीही काढून बघा. टाकी धुतली आणि जाळी तशीच राहिली तर दुखणं तिथेच राहतं.

५. डेकवरच्या झाकणाचं रबर बदला. हवेच्या नळीचं तोंड खाली वळलेलं आहे ना, तेही बघा.

६. डिझेलचे रबरी पाइप दाबून आणि वाकवून बघा. भेगा दिसल्या तर बदला. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप ओढणीचा असतो. तो फाटला तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेर सगळं कोरडं आणि इंजिन मात्र थोड्या-थोड्या वेळाने गचके देतं, असं झालं की याच पाइपावर संशय घ्या.

बुरशी मारायचं औषध बाजारात मिळतं, पण ते टाकी साफ केल्यावर घाला. घाण टाकीत औषध ओतलं तर मेलेली बुरशी सुटून फिल्टरमध्येच येते. पिंपातून किंवा कॅनमधून डिझेल भरताना बारीक जाळीचं नरसाळं वापरा आणि पिंपाचं शेवटचं बोटभर डिझेल पिंपातच राहू द्या.

फिल्टर आणि एअर

बोटीत दोन फिल्टर हवेत. पहिला टाकी आणि इंजिन यांच्यामधला, खाली काचेची वाटी असलेला, पाणी वेगळं करणारा. दुसरा इंजिनवरचा, बारीक. कित्येक जुन्या बोटींत पहिला नसतोच. नव्या मालकाने करायच्या खर्चात मी याला सगळ्यात वर ठेवतो. १० किंवा ३० मायक्रॉनचा फिल्टर तिथे चालतो, अगदी बारीक काम दुसऱ्याला करू द्या. रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी वाटीत बघायचं आणि पाणी दिसलं तर खालचा स्क्रू सोडून काढायचं.

टाकी साफ केली तरी कोपऱ्यातली घाण पुढचे काही दिवस येत राहते. म्हणून पहिले फिल्टर लवकर बदलावे लागतील हे गृहीत धरा आणि दोन-तीन जोड्या घेऊन ठेवा. प्रत्येक फिल्टरवर मार्करने तारीख आणि इंजिनचे तास लिहा. तासांचं मीटर नसेल तर वही ठेवा.

फिल्टर बदलला की पाइपात हवा राहते, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत एअर धरते. ती काढायला प्रत्येक वेळी मिस्त्री बोलावणं परवडत नाही, आणि समुद्रात तो मिळतही नाही. हे काम बंदरातच दोनदा-तीनदा करून हाताला बसवा. टाकीचा कॉक उघडा. इंजिनवरच्या फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांशिवाय अखंड डिझेल येईल, तेव्हा पंप मारता-मारताच स्क्रू आवळा. मग हेच पंपाच्या स्क्रूवर. तरीही इंजिन उठलं नाही तर नोझलच्या पाइपांची नटं थोडी सैल करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. डिझेल थुंकायला लागलं की एकेक नट आवळा.

इथे दोन इशारे. नोझलमधून निघणारं डिझेल शेकडो बारच्या दाबाचं असतं, ते कातडी भेदून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसली आणि दुखत नसली तरी लगेच इस्पितळात जायचं आणि डॉक्टरांना नेमकं काय झालं ते सांगायचं. दुसरं, इंजिन नव्या धर्तीचं कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) असेल तर दाबाच्या पाइपांना हातच लावू नका. तिथे एअर काढण्याची पद्धत वेगळी असते.

सेल्फ मारत राहण्यातही एक सापळा आहे. ज्या बोटीत गार करणारं खारं पाणी सायलेन्सरमधूनच बाहेर पडतं, तिथे इंजिन न उठता सेल्फ फिरत राहिला की पाण्याचा पंपही फिरत राहतो. धुराचा जोर नसल्याने ते पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि शेवटी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. चांगलं इंजिन एका दुपारीत भंगारात निघू शकतं. म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारून इंजिन उठलं नाही तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा आणि इंजिन उठल्याबरोबर उघडा. विसरायला होऊ नये म्हणून कॉक बंद केला की इंजिनची चावी त्याच कॉकवर अडकवायची. सेल्फसुद्धा सलग दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नये, तो तापतो.

पाण्याची वाट

खारं पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचा इंपेलर असतो. तो पाण्यावरच गुळगुळीत फिरतो, कोरडा फिरला तर काही मिनिटांत पाती जळतात. खाडीतली प्लास्टिकची पिशवी तळाच्या जाळीवर बसली तरी तेच. म्हणून इंजिन लावलं की पहिली नजर पाणी बाहेर पडतंय का यावर. सवय इतकी पक्की हवी, की पाण्याचा आवाज बदलला तरी मान वळावी.

सेकंडहँड बोटीतला इंपेलर कसा आहे हे न बघताच बदला. जुना काढला की त्याची पाती मोजा. एखादं पातं कमी असेल तर ते हवेत विरलेलं नाही. पुढे पाइपात नाहीतर हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेलं असतं, ते शोधून काढायलाच हवं. त्यानंतर दर वर्षी एक नवा इंपेलर.

हीट एक्स्चेंजरमध्ये जस्ताची कांडी बसवलेली असते, तिला सगळे झिंक म्हणतात. खाऱ्या पाण्यात दोन धातू जवळ आले की कमजोर धातू झिजतो. ती झीज इंजिनऐवजी जस्ताने सोसावी म्हणून ही सोय. कांडी निम्मी झिजली की बदला. ती महिनोनमहिने अजिबात झिजत नसेल तरी काहीतरी चुकलंय, कारण धातूशी तिचा विद्युत संपर्कच होत नसेल. तळाच्या झिंकवर रंग मारू नका. रंगकामगार हमखास मारतात, त्यांना उभं राहून सांगावं लागतं.

आतल्या गोड्या पाण्यात नळाचं पाणी न घालता कूलंट घाला. हे पाणी वारंवार कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय, नुसतं भरत राहू नका. पाण्याच्या पाइपांना, विशेषतः बोटीच्या तळातून येणाऱ्या पाइपाला, दोन-दोन स्टीलच्या क्लिपा हव्यात. समुद्राचा कॉक महिन्यातून एकदा उघड-बंद करा. जाम झालेला कॉक म्हणजे बोटीच्या तळाला पडलेलं एक भोकच.

ऑईल आणि बाकीचं

आधीच्या मालकाने कधी बदललं, यावर विश्वास न ठेवता ऑईल आणि ऑईल फिल्टर लगेच बदला. इंजिन कोमट असताना ऑईल पातळ होऊन गाळासकट निघतं. बोटीत खालचा नट गाठता येत नाही, म्हणून कांडीच्या नळीतून हातपंपाने ओढतात. जुन्या इंजिनांना १५डब्ल्यू-४० बहुतेक ठिकाणी चालतं, पण कंपनीचं पुस्तक असेल तर तेच प्रमाण. पुढे साधारण २५० तासांनी किंवा हंगामातून एकदा, जे आधी येईल ते. गियरचं ऑईल लोक विसरतात, तेही बदला. बेल्टच्या मध्यावर अंगठ्याने दाबून साधारण अर्धा इंच झोल असावा. शाफ्टच्या ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवायला दोरी भरलेली असते ती जागा) बोट चालताना मिनिटाला काही थेंब पडणं ठीक, धार लागली तर आतली दोरी बदला. अगदी कोरडं करण्यासाठी आवळत बसलात तर शाफ्ट तापून झिजतो. काढलेलं ऑईल पाण्यात किंवा पुळणीवर ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑईल घेणाऱ्याकडे द्या.

बॅटरी

सेल्फची बॅटरी आणि दिवे-वायरलेस-जीपीएसची बॅटरी वेगळी ठेवा. सेल्फची बॅटरी थोड्या सेकंदांत प्रचंड करंट द्यायला बनवलेली असते, रात्रभर दिवे जाळायला नाही. एकाच बॅटरीवर सगळं असेल तर जाळं टाकून रात्र काढल्यावर पहाटे सेल्फ टक-टक करतो, बाकी काही होत नाही.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, वारंवार नेली तर आयुष्य झपाट्याने घटतं. सेल्फ फिरत असताना आकडा १० च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकलीय किंवा वायरी खराब आहेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) किंवा बेल्ट बघा, १५ कडे जात असेल तर बॅटरी उकळून मरेल. २४ व्होल्टच्या बोटीत हे आकडे दुप्पट करा. दोन बॅटऱ्या जोडून २४ केलेले असतात, म्हणून प्रत्येक वेगळी मोजा, आणि बदलायच्या तर दोन्ही एकदम.

नवी बॅटरी घेण्याआधी वायरी बघा. खारी हवा तांब्याला हिरवं करते, आणि हे हिरवं वरच्या रबराच्या आतूनही पसरत जातं. वायर थोडी सोलून बघा. आत काळी-हिरवी तार दिसली तर चकचकीत तार लागेपर्यंत कापा किंवा पूर्ण वायर बदला. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी बोटीत चालत नाही, तिला दाबून बसवलेले लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची कडी) हवेत. जुन्या बोटींत बॅटरीच्या खांबावर सात-आठ वायरी एकावर एक चढवलेल्या दिसतात आणि कुठलीच फ्यूजमधून गेलेली नसते. हे मात्र आल्या-आल्या बदला, कारण बोटींना आगी अशाच लागतात. बॅटरीच्या जितक्या जवळ बसेल तितक्या जवळ फ्यूज. फक्त तळाचं पाणी काढणारा पंप मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर ठेवा, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलात तरी तो चालतो.

वायर काढताना आधी वजा, मग अधिक, आणि लावताना उलट. हातात कडं किंवा अंगठी नको. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, सुकवा, आवळा, मग वरून व्हॅसलिन लावा. बॅटरीत पाणी घालायचं ते फक्त डिस्टिल्ड. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरीची पेटी बंदिस्त नको, आणि तिच्याजवळ विडी-सिगारेट तर नकोच. पेटी पट्ट्याने बांधलेली आणि तळाच्या पाण्यापासून वर हवी. ॲसिडमध्ये खारं पाणी गेलं तर क्लोरीन निघतो, तो विषारी असतो. इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

जून-जुलै

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोट शाकारून ठेवण्याचा हा काळ इंजिनसाठी सगळ्यात धोक्याचा, कारण ते नुसतं उभं असतं. जुनं ऑईल आंबट झालेलं असतं, ते बेअरिंगला खातं, म्हणून ऑईल बोट वर घेण्याआधी बदला, ऑगस्टमध्ये नाही. खाऱ्या पाण्याच्या वाटेतून इंजिन चालवून गोडं पाणी फिरवा, मग इंपेलर काढून पिशवीत ठेवा आणि त्याची चिठ्ठी चावीला बांधा. टाकी गळकी नसेल तर वरपर्यंत भरा, दव धरायला जागा राहत नाही. सायलेन्सरचं तोंड फडक्याने बंद करा. बॅटऱ्या घरी न्या आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. रिकामी ठेवलेली बॅटरी दोन महिन्यांत आतून कडक होते, मग कितीही चार्ज करा.

नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा बाहेर पडाल तेव्हा पेटीत एवढं असू द्या: दोन्ही फिल्टरच्या दोन जोड्या, इंपेलर आणि त्याचं गॅस्केट, बेल्ट, पाच लिटर ऑईल, कूलंट, निरनिराळ्या मापाच्या क्लिपा, हातभर डिझेलचा पाइप, फ्यूज, मल्टिमीटर, टॉर्च आणि एअरच्या स्क्रूला बसतो तो पाना, दोरीने पेटीला बांधलेला. पहिली फेरी खाडीच्या आतच मारा, तासाभराने इंजिन बंद करून काचेची वाटी बघा, ऑईलची कांडी बघा, तळात नवं पाणी साठलंय का बघा, आणि मगच मुखाबाहेर जा.